दोन पायली धान

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. एकोणीस वर्षांची असताना मी घर सोडून जंगलात राहायला गेले, आणि शिधा म्हणून सोबत दोन पायली धान नेलं. तांदूळ नव्हे, धान. टरफलासकट.

माझ्या वडिलांची गोंदियात राइस मिल होती. तुम्ही म्हणाल, गिरणीवाल्याच्या मुलीला एवढंही कळू नये? अहो, म्हणूनच तर कळलं नाही. गिरणीवाल्याच्या घरात धान पोत्यात असतं आणि भात ताटात. मधलं सगळं पट्ट्यांच्या खडखडाटात होतं, आणि तिकडे मुलींनी फिरकायचं नाही असा दंडक होता. धानाला टरफल असतं हे मला ठाऊक होतं, अगदीच काही दगड नव्हते मी. पण माझी अशी पक्की समजूत होती, की पाण्यात उकळलं की टरफल आपोआप सुटतं आणि फेसासारखं वर येतं. ते डावाने काढून टाकायचं, की खाली भात तयार.

घर का सोडलं म्हणाल, तर प्रेमप्रकरण नव्हतं. असतं तर आज सांगायला जास्त मजा आली असती. घरात चौदा माणसं होती आणि चौदाही जणांना माझ्याबद्दल मत होतं. मला माणसांचा वीट आला होता. जंगलात कुणी नसतं असं मी ऐकून होते. मग एका हिवाळी सकाळी भात शिजवायचा एक गंज, आगपेटी, मीठ, घोंगडी आणि ती धानाची पिशवी घेऊन मी गाडीत बसले आणि दरेकशाला उतरले. दरेकसाच का? गाडी तिथे थांबली आणि बाहेर हिरवं दिसलं, म्हणून.

दोन रात्री राहिले. पहिला दिवस धान उकळण्यात गेला. दुसरा दिवस तेच धान पुन्हा उकळण्यात. ते फुटलं, चिकट झालं, घशात कुसळासारखं टोचलं, पण टरफल काही वर आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याच वयाची एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन आली. तिने माझ्या गंजात डोकावून पाहिलं, भारा खाली टाकला आणि हसत हसत त्या भाऱ्यावरच बसली. त्या रात्री तिने मला टोल्यावर, म्हणजे तिच्या वस्तीवर, नेऊन जेवू घातलं आणि सकाळी गाडीत बसवून दिलं. तिचं नाव सगनबाई. ते मला कधी कळलं, ते पुढे येईल.

घरी परतल्यावर काय झालं ते सोडा. पुढे नातवंडं झाली आणि गोष्ट सांगायची पाळी आली, तेव्हा मी त्यातून धान काढून टाकलं. सरपणवाली बाईही काढून टाकली, कारण तिच्यामुळे एकटेपणाला उणेपणा येत होता. साक्षीदार एकेक करून देवाघरी गेले, तसतसे माझे जंगलातले दिवस वाढत गेले. दोनाचे चार झाले, चाराचे नऊ. एक अस्वलही आलं.

देवाला मात्र विनोद कळतो. धान न ओळखणाऱ्या या मुलीला त्याने दवनीवाड्याला दिली. तिथे माझी पन्नास वर्षं गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करण्यात गेली.

*सोमवार, गाडीत*

हे सगळं आत्ता उकरायचं कारण माझी नात जुई. वय चोवीस. पुण्याला काँप्युटरवर बसून कसलंतरी काम करायची. दिवाळीला दवनीवाड्याला आली, माझी नऊ दिवसांची गोष्ट विसाव्यांदा ऐकली, आणि जानेवारीत नोकरी सोडून थेट दरेकशापलीकडच्या जंगलात राहायला गेली. बापाशी भांडली, तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद. मला मात्र आठवड्यातून एकदा टेकडीवर चढून फोन करायची. मार्च उजाडला तसा मुलाचा नागपूरहून फोन आला, "आई, हे तू तिच्या डोक्यात भरवलंस. आता तूच जा आणि घेऊन ये. रिकाम्या हाताने येऊ नकोस."

गोंदिया स्टेशनवर सकाळच्या मेमू गाडीत शेजारी एक बाई बसली. तिच्या टोपलीत वांगी होती आणि मांडीवर समोशांचा पुडा. गोंदियात ओळख व्हायला समोसा पुरतो.

"अम्मा, अकेली? डोंगरगढ, दर्शन को?"

"नहीं. नातिन को पकड़ने."

"भाग गई क्या?"

"हौ."

"लड़के के साथ?"

"नहीं, अकेली."

बाईने समोसा तोंडापाशी थांबवला. "तो फिर भागी काहे को?"

बावन्न वर्षांपूर्वी ही बाई भेटली असती तर माझं पुष्कळ वाचलं असतं.

सालेकसा गेलं आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ सरकले. पळस नुसता पेटला होता. आमच्याकडे दवनीवाड्याला नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, सपाट, परातीसारख्या. इथे जमीन एकदम उठून उभी राहते. बघता बघता माझा डोळा लागला. वांगीवालीने हलवून "अम्मा, दरेकसा!" म्हटलं नसतं तर खरंच डोंगरगडला दर्शन घडलं असतं. उतरताना घाईत चपलेचा अंगठा तुटला.

फलाटावर जुई उभी होती. उन्हाने रापलेली, हाडं वर आलेली, आणि डोळे असे चमकत होते की मला माझीच भीती वाटली.

"आजी! एकटीच आलीस?"

"नाही. बँडवाले मागच्या डब्यात आहेत."

तिने वाकून माझी चप्पल पाहिली. मला वाटलं, आता ही पळसाच्या मुळीचा वाख काढून बांधते की काय. एवढे दिवस जंगलात राहिली आहे! तिने पिशवीतून फोनच्या चार्जरची वायर काढली आणि त्या वायरने अंगठा आवळून बांधला. तासभर आम्ही तशाच चाललो. वाटेत कुणी भेटलं की आधी माझ्या पायाकडे बघायचं.

*सोमवार, दुपार*

जुईची झोपडी टोल्याच्या टोकाला आहे. पूर्वी तिथे कुणाचा तरी गोठा होता. आत चटई, चूल, दोन भांडी, दोरीवर कपडे. दाराबाहेर पडलं की साग, आणि सागापलीकडे डोंगर. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. वारा आला की सागाची वाळकी पानं पापडासारखी वाजतात.

"मी इथे कुणावर अवलंबून नाही, आजी," ती म्हणाली. "कुणी काही द्यायला आलं तरी घेत नाही. माझं मी बघते. तू नऊ दिवस बघितलंस तसं."

मी पाणी पिऊन घेतलं. मग जरा डोळे फिरवले. छपराची एक बाजू नव्याने शाकारलेली होती, सफाईदार.

"हे तू केलंस?"

"नाही, एक दिवस मी झऱ्यावर गेले होते. आले तर झालेलं होतं."

"आणि हे कुंपण?"

"ते मी आले तेव्हापासूनच आहे बहुतेक."

बांबू हिरवा होता. मी खोकले. म्हातारपणाचा एक फायदा असा, की बोलायचं नसलं तर खोकता येतं.

मग तिने मोठ्या अभिमानाने चटईवर वाळत घातलेला मोहा, म्हणजे मोहाची फुलं, दाखवला. पिवळसर, मनुकांसारखा सुकत चाललेला. त्या गोड, किंचित आंबूस वासाने सगळं अंगण भरलं होतं.

"पाच दिवस पहाटे उठून वेचला. हे बघ, जंगल देतं. कुणाला विचारावं लागत नाही."

"झाडाखाली पाचोळा होता का गं?"

"अजिबात नाही. मस्त स्वच्छ जागा होती. काळी, जाळून झाडलेली."

"कुणी झाडली? वाऱ्याने?"

ती हसली. आणि हसता हसता थांबली.

आमच्याकडे बांधावरचा मोहा ज्याची बांधी त्याचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. जंगलातल्या मोहाला बांध नाही, सातबारा नाही, पण तोही कुणाच्या तरी घरचा असतो. आजोबांपासून चालत आलेला, तोंडी ठरलेला. फुलं पडायच्या आधी ज्याचं झाड तो खालचा पाचोळा जाळून जमीन झाडून ठेवतो, म्हणजे फूल मातीत हरवत नाही. ती काळी जागा म्हणजेच दारावरची पाटी. घरातलं वर्षाचं तेलमीठ त्या महिनाभरात गोळा होतं.

"म्हणजे मी पाच दिवस चोरी केली?" जुईने विचारलं.

"उद्या जाऊन बघू," मी म्हटलं.

*मंगळवार, मोहाखाली*

पहाटे निघालो. फुलं टपटप पडत होती, झाड कुणाशी तरी हळूच बोलत असल्यासारखी. झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. हाताच्या कोपरापर्यंत गोंदलेलं, केस पांढरे, आणि वेचण्याची बोटं इतकी चपळ की मोजता येऊ नयेत.

"मावशी," जुई उभ्या उभ्याच म्हणाली, "हे झाड तुमचं आहे का?"

"माझं. काऊन?"

"मी पाच दिवस इथून मोहा नेला. मला माहीत नव्हतं. तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"कायले बोलू?" म्हातारीचे हात चालूच होते. "तुले भाजी आणून देली, थे तू घेतली नाई. सुनेनं चटणी धाडली, थे बी वापस. म्हणे मी माझं पाहून घेईन. मंग एक दिस पाहिलं तं माझ्याच झाडाखाली मोहा वेचून राहिली. मी म्हटलं, चला माय, पोट्टी काई तं घेऊन राहिली आपल्या हातचं. घेऊ दे."

जुईचं तोंड उतरलं. आणि माणूस शरमला की जसं जवळची सगळ्यात भारी वस्तू पुढे करतो, तसं तिने मला पुढे केलं. "ही माझी आजी. हीसुद्धा पूर्वी इथेच राहिली होती. नऊ दिवस, एकटी."

म्हातारीने प्रथमच मान वर केली. "नऊ दिस? कवा?"

"बावन्न वर्षं झाली."

तिने मला वरून खाली न्याहाळलं. चार्जरच्या वायरीपाशी जराशी थांबली, पुन्हा तोंडाकडे आली. मग टोपली बाजूला ठेवली.

"गंजात धान शिजवून राहिली होती, थे?"

मला पळायचं होतं, पण चप्पल तशी नव्हती.

"थेच वं!" असं म्हणून ती जी हसली, ती थेट बावन्न वर्षांपूर्वीचं हसू. फक्त दात कमी. "धानवाली पगली! दोन दिस उकळून राहिली होती बापा! नऊ दिस म्हणते! नऊ दिस राहिली असती तं मेली असती!"

जुई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "कसलं धान, आजी?"

मग तिथेच, मोहाखाली बसून, मी सगळं सांगितलं. गंज, टरफल, सरपणाचा भारा, टोल्यावरचं जेवण. अस्वल परत घेतलं. नवाचे दोन केले. एकेक वजा करताना मला वाटत होतं तेवढी लाज वाटली नाही, पण जुईचा चेहरा बघवत नव्हता.

दुपारी ती माझ्याबरोबर झोपडीवर आली. मग मोहा पोत्यात भरता भरता म्हणाली, "मी नोकरी सोडली. बाबांशी बोलणं सोडलं. तू नऊ दिवस एकटी राहिलीस, म्हणून मला वाटलं मी वर्षभर राहीन. आणि तू त्या बाईला गोष्टीत ठेवलंच नव्हतंस."

"तिच्यामुळे गोष्ट बिघडत होती."

"हो ना. मीही इथे तेच केलं. सगळ्यांना काढून टाकलं." तिने पोत्याचं तोंड बांधलं. "उद्या मी येते तुझ्याबरोबर. बाबांना सांग, जिंकलात."

म्हणजे मी ज्या कामाला आले होते ते झालं होतं. पोरीने कपडेही भरले. मी चटईवर बसून तिची पाठ बघत होते आणि आपण काम फत्ते केलंय असं मला काही केल्या वाटेना. ती मूर्खपणा कळला म्हणून परत निघाली असती तर मी पेढे वाटले असते. पण ती निघाली होती तोंड लपवून, आणि लाज तर माझी होती.

संध्याकाळी मोह्याचं पोतं म्हातारीच्या दारात नेऊन ठेवलं. तिने ते आत ढकललं आणि आम्हाला पाटावर बसवलं. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, टमाटरची चटणी आणि पळसाच्या पत्रावळीवर जाड, लालसर भात. दवनीवाड्याचा आमचा भात बारीक, पांढरा, पाहुण्यासारखा कपडे सांभाळून बसलेला. हा ऐसपैस होता, गोड लागत होता. धानात आयुष्य गेलेली बाई मी, न राहवून विचारलं, "हे कोणतं धान?"

"पगली."

"असं धान ऐकलं नाही कधी."

"कोठून ऐकशील? या टोल्याबाहेर नाई थे." तिने मला आणखी वाढलं. "तू गेली, पिशवी अठीच राहिली. सासू म्हणे, कांडून खाऊन टाकू. मी म्हटलं, पेरून पाहू. वरच्या हलक्या जमिनीत बी झालं बापा! पाणी कमी लागते त्याले. मंग याच्याकडे थोडं, त्याच्याकडे थोडं. आता चार घरी आहे. लोक इचारत, कोणतं धान होय? मी सांगो, पगलीचं."

मी घास हातात घेऊन बसले. आणि जुई, दिवसभर मिटलेली जुई, हसू लागली. आधी पदरात, म्हणजे ओढणीत, आणि मग ठसका लागेपर्यंत.

"दोन महिने हेच खातेय मी, आजी! इथेच विकत घेते. तुझ्या मूर्खपणावर जगतेय!"

*बुधवार*

सकाळी उठले तर बॅग दाराशी, आणि जुई नाही. मोहाच्या दिशेने गेले. ती झाडाखाली बसून वेचत होती, म्हातारीच्या टोपलीत. शेजारी म्हातारी बसून तिला शिव्या घालत होती, की डेख म्हणजे देठ राहिलेली फुलं वेगळी टाक म्हणून.

"आजी," जुई मान वर न करता म्हणाली, "मी पावसाळ्यापर्यंत थांबते. रोवणी शिकते. ते पलीकडचं झाड सोमारूकाकांचं, आणि झऱ्याजवळची दोन त्यांच्या बहिणीची. छप्पर सगनबाईंच्या सुनेने शाकारलं होतं."

"कोण सगनबाई?"

जुईचे हात थांबले. म्हातारीचेही.

"आजी! यांच्याकडे तू दोनदा जेवलीस!"

लिहिताना सुद्धा कान गरम होतात.

"आणि बाबांना आज फोन कर," मी विषय बदलत म्हटलं. "मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

"करते," ती म्हणाली. केलाही, टेकडीवर चढून. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही, पण नंतर मुलाचा आवाज दोन पट्ट्या खाली आला होता. मला मात्र त्याने परतीच्या गाडीत फोनवर विचारलंच, "म्हणजे तू रिकाम्या हाताने आलीस?"

रिकाम्या हाताने कसली? माझ्या मांडीवर दोन पायली धान होतं. पगलीचं. सगनबाईने निघताना पिशवीत घातलं. यंदा घरामागच्या उंचवट्याच्या बांधीत पेरणार आहे.

त्यावर मुलाने विचारलं, मग ती पोरगी शहाणी म्हणायची की मूर्ख? हा प्रश्न मी तीन दिवस चघळला होता. उत्तरादाखल मी त्याला दरेकशाच्या फलाटावरचं बोलणं सांगितलं.

सगनबाई मला गाडीत बसवायला आली होती, मागच्या वेळेसारखीच. गाडी लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "येते, सगनबाई!"

तिने डोळे बारीक केले. "माझं नाव कोणं सांगितलं तुले?"

"जुईनं."

गाडी हलली. ती खिडकीच्या बाजूने चार पावलं चालली आणि म्हणाली:

"पाह्य. तू दोन खेपा जेवून गेली, बावन्न वर्सं झाली, तरी माझं नाव इचारलं नाई. पोट्टीनं दोन मैन्यात इचारलं. राहू दे तिले. येडी तिच्यात नाई, येडी या गाडीत आहे."